उपचार तिथेच पुरे करा, आईला फोन मात्र चवथीआधी करा

पत्र (थोडं आवरून):

"मी मूळची पेडणे तालुक्यातली. नऊ वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर नवऱ्याबरोबर इंग्लंडला, स्विंडनला आले. दोघंही गोदामात कामाला, माझी रात्रपाळी. वय 47. डाव्या टाचेवर काळा डाग होता. कुरूप समजून नवऱ्याने ब्लेडने तासलं, कॉर्न कॅप लावली. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) घरी आले तेव्हा आईने बिब्बा लावला. थंडीत त्यातून रक्त यायला लागलं तेव्हा इथल्या डॉक्टरकडे गेले. तपासणीत मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला, जाडी 1.6 मिलिमीटर. टाचेचा तो भाग काढून मांडीची कातडी लावली आणि जांघेतली एक गाठ काढली. तिच्यात थोडं सापडलं. आता वर्षभर दर सहा आठवड्यांनी इम्युनोथेरपीचं सलाईन घ्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, ते तुम्हीच ठरवा, असं डॉक्टर म्हणतात. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून 15 वर्षांचा मुलगा सोबत येऊन सगळं सांगतो. एकदा डॉक्टर बराच वेळ बोलले आणि मुलगा म्हणाला, 'काही नाही गं, पुढच्या वेळी बघू म्हणतात.' मग घरी हॉस्पिटलचं पत्र आलं. शेजारणीकडून वाचून घेतलं तेव्हा गाठीचं कळलं. सासूबाई म्हणतात, सगळं सोडून गोव्याला ये, इथे करू. देवाला कौल लावू म्हणतात. माझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही. ती 74 वर्षांची, बीपी आहे. भाऊ म्हणतो, सांगू नकोस. पण चवथीला गेले नाही तर ती विचारणारच. गोव्याला येऊ का? आईला सांगू का? आणि डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं, म्हणजे त्यांनी आशा सोडली का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण रात्रपाळीत डोक्यात तोच घोळत असणार. डॉक्टरांनी आशा सोडलेली नाही. आपल्याकडे डॉक्टर सांगतो आणि आपण मान डोलावतो. डॉक्टरनेच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर पोटात गोळा येतो की याला काही सुचत नाही किंवा काही उरलं नाही. तिथे तसा अर्थ नसतो. दोन्ही वाटा रास्त असतात आणि त्यातल्या एकीची किंमत रुग्णाच्या अंगावर पडणार असते, तेव्हा तिथले डॉक्टर निर्णय रुग्णाला विचारूनच घेतात. तुमच्या बाबतीत नेमकं तसंच आहे.

तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मला समजतं ते असं. जाडी 1.6 मिलिमीटर म्हणजे एक ते दोनच्या मधली, आणि गाठीत, म्हणजे जांघेतल्या लसिकाग्रंथीत, कॅन्सरचा फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला अंश. डागावरची कातडी फुटून जखम झालेली नसेल तर अशा आजाराला तिसऱ्या टप्प्यातली सगळ्यात खालची पायरी म्हणतात. "तिसरा" ऐकून घाबरू नका. त्या तिसऱ्याच्या आत चार पायऱ्या आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दिसलं तेवढं काढून झालं आहे. आता प्रश्न आहे तो परत येऊ नये म्हणून औषध घ्यावं का, एवढाच.

ते औषध केमो नव्हे. आपल्या शरीराची जी रक्षक यंत्रणा कॅन्सरच्या पेशींकडे काणाडोळा करते, तिच्यावरचा ब्रेक ते काढून घेतं. ज्या दोन शास्त्रज्ञांच्या शोधातून अशी औषधं निघाली त्यांना 2018 चं नोबेल मिळालं. ब्रेक काढला की ती यंत्रणा कधी कधी आपल्याच अवयवांवर उलटते. थायरॉइड कायमचं मंदावणं हे त्यातलं नेहमीचं. आतड्याला, यकृताला, फुफ्फुसाला सूज येऊ शकते. क्वचित इन्सुलिनवर जाणारा मधुमेह होतो. म्हणून ज्यांचा आजार मुळात थोडाच आहे, त्यांच्यापुढे डॉक्टर दोन्ही पारडी मांडतात.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. गाठीत सापडलेला ठिपका एक मिलिमीटरपेक्षा मोठा होता की लहान? या औषधाच्या मोठ्या चाचणीत तुमच्या पायरीतले रुग्ण घेतले ते ठिपका एक मिलिमीटरच्या वर असलेलेच, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. दुसरं, माझा मेलॅनोमा तळपायाचा आहे, त्यावर हे औषध उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमाइतकंच चालतं का? नेहमी तितकं चालत नाही, आणि हे त्यांनी स्पष्ट सांगावं. तिसरं, औषध न घेता लक्ष ठेवायचं म्हटलं तर सोनोग्राफी आणि स्कॅन किती दिवसांनी होणार? हे सगळं ऐकून वर बेधडक विचारा, "तुमची बहीण असती तर तिला काय सांगितलं असतं?" तिथले डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाहीत. बरेचसे मोकळेपणाने उत्तर देतात.

आता गोव्याला येण्याबद्दल. सासूबाईंची माया मला कळते. घरचं जेवण, कोणीतरी डोक्यावर हात ठेवायला, रात्री एकटं पडायला नको. पण येऊ नका. म्हणजे उपचार सोडून येऊ नका. चवथीला येण्याची गोष्ट वेगळी, तिच्याकडे मी येणार आहे.

औषध घ्यायचं ठरलं तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू करतात. तुम्ही बिऱ्हाड हलवणार, इथे नवे डॉक्टर गाठणार, ते बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा (काढलेल्या भागाचे जपून ठेवलेले नमुने) पुन्हा तपासायला मागणार, आणि तसं मागणं बरोबरच आहे. यात ते तीन महिने सरतील. शिवाय हे औषध भारतात विकत घ्यायचं तर एकेका डोसाचा हिशेब लाखांच्या घरात जातो, आणि डोस वर्षभराचे. आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगली आहे, पण ती सलग पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी, आणि मोठ्या कुटुंबालाही वर्षाला 4 लाखांपर्यंतच. पासपोर्ट बदलून नऊ वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाने तिच्या भरवशावर बॅग भरू नये. तिकडे हेच औषध तुम्हाला फुकट मिळतंय, कारण तुम्ही तिथल्या रहिवासी आहात. मुक्काम हलवलात की तो हक्कही वादात येतो.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) हुशार डॉक्टर आहेत, मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटल आहे. पण तळपायाचा मेलॅनोमा, गाठीची तपासणी आणि वर त्वचेचं रोपण, हे सगळं एकाच टीमने पाहिलेलं, एकाच फाइलमध्ये असलेलं तुमच्याजवळ आत्ता आहे. ते मोडू नका. दुसरं मत हवंच असेल तर टाटाच्या तज्ज्ञांचं मत रिपोर्ट पाठवून ऑनलाइन मागता येतं. त्यासाठी विमानात बसायला नको.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, त्याबद्दल. तुमचा मुलगा.

"काही नाही गं, पुढच्या वेळी बघू म्हणतात." हे वाक्य तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात. मी तिथेच थांबले. 15 वर्षांचा मुलगा डॉक्टरच्या तोंडून ऐकतो की आईच्या गाठीत कॅन्सर सापडलाय. बाजूला आई बसलेली आहे, त्याच्या तोंडाकडे बघते आहे. आणि त्या दोन क्षणांत त्याला ठरवायचंय की हे तिला सांगायचं की नाही. तो खोटं बोलला म्हणून त्याच्यावर रागावू नका. तुमच्या घरात आजारपणाचं जे चालतं तेच त्याने केलं. भाऊ आईपासून लपवायला सांगतो, तुम्ही आईपासून लपवता, तो तुमच्यापासून लपवतो. फरक एवढाच की तुम्हाला शेजारीण होती. त्याला कोणीच नव्हतं. ते पत्र घरी यायच्या आधी किती दिवस तो हे एकटा पोटात घेऊन शाळेत जात होता, याचा अंदाज तुम्हीच करा.

पुढच्या भेटीला त्याला दुभाषा म्हणून नेऊ नका. तिथे सरकारी दवाखान्यात दुभाषा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नये, असं त्यांच्याच नियमावलीत म्हटलेलं आहे. मराठीचा मागा, कोकणीचा मागा, जी भाषा घाबरल्यावर तुमच्या तोंडी येते ती मागा. प्रत्यक्ष माणूस मिळाला नाही तर फोनवर मिळतो. डॉक्टरच्या टेबलावर स्पीकर लावतात, डॉक्टर बोलतो, मग तिकडून एक अनोळखी बाई तुमच्या भाषेत तेच सांगते. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की ही बाई काहीही गाळत नाहीये, कारण तिला तुमची दया येण्याचं काही कारण नाही. मागायचं कसं? भेटीच्या आधी फोन करून सांगायचं. तो फोन तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्या फाइलवर जिचं नाव असेल त्या स्किन कॅन्सर नर्सला सांगा. तुमच्यासारख्या प्रत्येक रुग्णाला तिथे अशी एक नर्स नेमून दिलेली असते, तिचा थेट नंबर दिलेला असतो, आणि आपल्या बायका तो नंबर पर्समध्ये ठेवून "तिला कशाला त्रास" म्हणत बसतात. तिचं कामच ते आहे, ताई.

मुलाशी एकदा बसून बोला. त्याला सांगा, "तुला गाठीचं आधी कळलं होतं ना? मला माहीत आहे. यापुढे हे काम तुझं नाही." त्याने सोबत यायचं म्हटलं तर येऊ दे. बाहेर बसेल, येताना बसमध्ये तुमच्याशी बोलेल. मुलगा म्हणून येऊ दे. आणि त्याच्या शाळेत एका तरी शिक्षकाला कळवा. जीसीएसईचं, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेचं वर्ष जवळ आलंय. घरात काय चाललंय हे शाळेला ठाऊक असलं तर ती त्याला सांभाळून घेते. तुमच्या नवऱ्यानेही भेटींना यायला हवं. आजाराबद्दल लिहिताना त्यांचा उल्लेख फक्त ब्लेडपाशी आलाय, त्यावरून मला वाटतं ते त्या ब्लेडपाशीच अडकलेत. त्यांना सांगा, तासल्याने कॅन्सर झाला नाही. वेळ गेला, तो गेला.

हेच आईच्या बाबतीत, आणि इथे तुमच्या भावाचं मी ऐकणार नाही.

तुम्ही म्हणता आईला बीपी आहे. बीपीची गोळी ती रोज घेते ना? घेत राहील. तिला सांगितलं नाही तर काय होईल ते मी सांगते. तुमच्या वाड्यावरचं कोणीतरी स्विंडनला आहेच. अर्धा पेडणे-बार्देश तिथे आहे. आज ना उद्या त्यांच्या घरून बातमी येईल, आणि ती येईल भलत्याच रूपात. कोणी म्हणेल पाय कापला, कोणी म्हणेल शेवटचं चाललंय. विहिरीवर नाहीतर फुलांच्या दुकानासमोर तुमच्या आईला ते दुसऱ्याकडून कळेल. आणि त्या रात्री ती काय आठवेल माहीत आहे? बिब्बा. गेल्या चवथीला आपण पोरीच्या टाचेला बिब्बा लावला. तो शाप तिने स्वतःला लावून घ्यायच्या आधी तुमचा आवाज तिच्या कानावर पडला पाहिजे.

म्हणून फोन तुम्ही करा. आधी भावाला सांगून ठेवा की अमक्या दिवशी अमक्या वेळी आईजवळ बस. सकाळची वेळ बघा, म्हणजे नंतरचा अख्खा दिवस तिला माणसं भेटतील. तुमच्याकडे तेव्हा पहाट असेल, पाळी संपवून आलेल्या असाल, तरीही तेच बरं. वाक्यं साधी ठेवा. "आई, टाचेवरचा तो डाग कॅन्सरचा निघाला. डॉक्टरांनी तो काढून टाकला. मी चालते, कामाचं बघते. परत येऊ नये म्हणून आता औषधाचं ठरायचं आहे. बिब्ब्याने झालं नाही. तो आधीच होता." शेवटची दोन वाक्यं विसरू नका. मग गप्प बसा. ती रडेल, रडू द्या. "देवाक काळजी" म्हणेल, म्हणू द्या. तिसऱ्या दिवशी ती फोन करून विचारेल की जेवलीस का, मांडीची जखम सुकली का, म्हणजे समजा की तिला कळलंय आणि ती उभी आहे. 74 वर्षांत तिने काय काय पाहिलं असेल ते आठवा. आपण आपल्या आयांना फार नाजूक समजतो.

कौलाचं लिहिलंत. गोव्यात वाढलेल्या बाईला मी देवाचं करू नको असं सांगणार नाही. गाऱ्हाणं जरूर घाला. सासूबाईंनी तुमच्या नावाने नारळ ठेवावा, भटांकडून अभिषेक करावा. पण "इंजेक्शन घ्यावं की न घ्यावं" असा प्रसाद (कौल) लावू नका. उजवी पाकळी पडली की घ्या आणि डावी पडली की सोडा, असं औषधाच्या बाबतीत झालं तर ते वर्ष देवळाच्या सभामंडपात ठरेल आणि भोगायचं मात्र स्विंडनला एकटीने. "योग्य तो निर्णय घ्यायची बुद्धी दे" एवढं मागितलं तर देवालाही सोयीचं.

गोव्याहून गुळवेलही येईल, याची मला खात्री आहे. कोणीतरी चूर्ण पाठवेल, काढा सांगेल, "प्रतिकारशक्ती वाढते" म्हणेल. घेऊ नका. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही लोकांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद आपण बाजूला ठेवू. तुमचं औषध स्वतःच यकृताला सूज आणू शकतं. दोन्ही एकदम चालू असतील तर सूज कशाने आली ते डॉक्टरला कळणार नाही, आणि पहिलं बंद होईल ते इंजेक्शन. जेवणातली हळद, सोलकढी, तिरफळं यांना कोणाची हरकत नाही. चूर्ण, काढे आणि गोळ्या मात्र नर्सला दाखवल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत.

"हे मला का झालं?" असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रत्येक जण विचारतं, म्हणून दोन ओळी. आपल्या कातडीला असला कॅन्सर होत नाही, असं आपल्याकडे सर्रास मानतात. उन्हाने होणारा कमी होतो, हे खरं. पण तळपाय, तळहात आणि नखाखाली होणारा मेलॅनोमा उन्हावर अवलंबून नसतो, आणि सावळ्या-काळ्या लोकांना मेलॅनोमा झालाच तर बहुतेक वेळा तो याच जागी सापडतो. हणजूण-वागातोरच्या दुकानांत ज्याचे टी-शर्ट टांगलेले असतात, तो बॉब मार्ले 1981 साली, वयाच्या 36 व्या वर्षी याच आजाराने गेला. सुरुवात पायाच्या अंगठ्यावरून झाली होती. तुम्ही काही चुकीचं खाल्लं नाहीत, कोणाचं वाईट केलं नाहीत, रात्रपाळीनेही हे झालेलं नाही.

आता चवथ. औषध सुरू झालं तरी दोन डोसांच्या मधे सहा आठवडे असतात, त्यामुळे पंधरा दिवस गोव्याला यायला वाव असतो. अट एक, टीमने हो म्हटलं पाहिजे. जांघेतली गाठ काढल्यामुळे लांबच्या विमानप्रवासात त्या पायावर सूज येऊ शकते. घट्ट मोजे घालायचे का, ते नर्सला विचारा. प्रवासाचा विमा काढताना आजार लपवू नका. लपवलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे देत नाही. इम्युनोथेरपी घेणाऱ्यांना एक कार्ड देतात, ते पासपोर्टमध्ये ठेवा आणि उपचाराचा सारांश एका कागदावर छापून आणा.

ते कार्ड गोव्यात नेमकं कुठे लागतं, सांगते. चवथीत चार दिवस नेवऱ्या, पातोळ्या, खतखतें चालतं, आणि पाचव्या दिवशी अर्ध्या घराचं पोट बिघडतं. तुम्हालाही जुलाब लागले तर घरचे म्हणणार, नारळाचं जास्त झालं, ओवा खा, फार्मसीतून गोळी आण. तुमच्या बाबतीत तसं समजायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा पातळ झालं तर ते या औषधाने आतड्याला आलेली सूज असू शकते. त्यावर स्टिरॉइड लागतं, आणि वेळेवर दिलं तर बरं होतं. जुलाब थांबवायची गोळी घेऊन दोन दिवस काढलेत तर प्रकरण वाढतं. सरळ बांबोळीला जा, कॅज्युअल्टीत कार्ड दाखवा, आणि तिकडच्या कॅन्सर विभागाच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावा. दम लागणं, डोळे पिवळे होणं, प्रचंड थकवा आणि तहान, यांनाही हाच नियम. शेवटचा डोस होऊन काही महिने गेले तरी हे उद्भवू शकतं, म्हणून पुढच्या वर्षीच्या चवथीलाही ते कार्ड जवळ असू द्या.

आणि पाय. मांडीवरची कातडी टाचेला लावली आहे. ती टाचेच्या मूळच्या कातडीसारखी जाड नाही आणि तिला नीट जाणवतही नाही. देवळाच्या अंगणातले तापलेले चिरे, शेणाने सारवलेल्या खळ्यातला खडा, पावसात भिजलेल्या वाटेवरचा काटा, यातलं काहीही तुम्हाला कळणार नाही आणि घरी येऊन बघाल तर फोड आलेला असेल. देवळात अनवाणी जावं लागतंच, तर जाड सुती मोजे घालून जा. पुजाऱ्याला आधीच सांगितलंत तर कोणी हरकत घेणार नाही. एरवी घरातसुद्धा चप्पल. तिकडे पायाच्या विभागातून टाचेचं वजन वाटून घेणारा सोल करून मिळतो, तो मागून घ्या. माटोळीसाठी (गणपतीवर बांधायच्या रानफळांसाठी) रानात जायचं या वर्षी भावावर सोडा.

नोकरीबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही लिहिलं नाहीत पण काळजी असणारच. इंग्लंडात 2010 च्या समानता कायद्याखाली कॅन्सर झालेल्या माणसाला निदान झाल्याच्या दिवसापासून अपंगत्वाचं संरक्षण मिळतं. म्हणजे रात्रपाळीऐवजी दिवसपाळी, उभ्याऐवजी बसून काम, भेटींसाठी रजा, हे तुम्ही मागू शकता आणि मालकाला त्याचा विचार करावाच लागतो. तोंडी मागू नका, ईमेल करा. औषधांच्या चिठ्ठीचे पैसे माफ होण्याचं प्रमाणपत्र जीपीकडून (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून) भरून मिळतं, ते पाच वर्षं चालतं. तुम्ही आतापर्यंत पैसे भरत असाल तर उगाच भरताय. मॅकमिलन म्हणून संस्था आहे, 1911 पासूनची. तिच्या मदतवाहिनीवर पैशाअडक्याचं, भत्त्यांचं सगळं समजावून सांगतात. तिथेही दुभाषा मागता येतो.

एक काम तुमच्या भावाला सांगा. आईचे आणि स्वतःचे तळपाय, पायाची बोटं आणि नखं उजेडात एकदा नीट बघ म्हणावं. हा प्रकार घराण्यात चालतो असं सहसा नसतं, पण बघायला पैसे पडत नाहीत. वाढत जाणारा काळा डाग, नखात उभी काळी पट्टी जी रुंदावत चालली आहे किंवा नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरली आहे, आणि महिनाभर न भरणारी जखम, यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. त्यावर बिब्बा, ब्लेड, कॉर्न कॅप किंवा चुना लावायचा नाही. हे इतर वाचकांनाही सांगते, विशेषतः ज्यांना वर्षानुवर्षं बरं न होणारं एकच "कुरूप" आहे त्यांना. कुरूप सहसा काळं नसतं आणि त्यातून आपोआप रक्त येत नाही.

दुभाष्यासाठीचा फोन या आठवड्यात करा. आईचा त्यानंतर, डॉक्टरांशी ते तीन प्रश्न बोलून झाल्यावर केलात तरी चालेल. तेव्हा औषधाचं काय ठरलं तेही तिला सांगता येईल, आणि चवथीला येणार की नाही तेही.